वाचकांचे प्रश्न : घरातले बदल आणि आरोग्य विमा

या महिन्यात आरोग्य विम्याविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचे मूळ एकच आहे. घरात काहीतरी मोठे घडले आहे किंवा घडणार आहे, म्हणजे नोकरी सुटणे, लग्न, बाळंतपण, पतिपत्नींचे वेगळे होणे, कुणाचा मृत्यू. आणि पॉलिसी मात्र जुन्याच घराच्या हिशेबाने चालू आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, कारण पुढे ती वारंवार येणार आहे. पॉलिसीमध्ये सर्वांत मौल्यवान काय, असे विचारले तर बहुतेक लोक विमा रकमेकडे बोट दाखवतात. माझ्या मते ती किंमत सलग भरलेल्या वर्षांची असते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३ वर्षांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा दावा न मिळण्याचा काळ, ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा ४ वर्षांची होती. तसेच सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, 'तुम्ही माहिती लपवली होती' असे सांगून दावा नाकारता येत नाही. ही मर्यादा पूर्वी ८ वर्षांची होती. घरातल्या बदलाच्या धांदलीत पॉलिसीत खंड पडला, तर ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खालील उत्तरे हा खंड कसा टाळावा याचीच आहेत.

प्रश्न : मी खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षे काम करत आहे. कंपनीने मनुष्यबळ कमी करण्याचे ठरवल्याने माझा शेवटचा दिवस पुढील महिन्याच्या अखेरीस आहे. कंपनीच्या गट विम्यात पत्नी, मुलगी आणि आई-वडील यांच्यासह आम्हाला ५ लाखांचे संरक्षण आहे. वडील ६७ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. नवी नोकरी मिळायला दोन-तीन महिने लागतील. तोपर्यंत काय करावे?

उत्तर : पहिले काम आजच करा. विमा नेमक्या कोणत्या तारखेला संपतो, हे एचआर विभागाला ई-मेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बहुतेक गट विम्यांमध्ये तो कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो, काही ठिकाणी महिनाअखेरपर्यंत चालतो, आणि तोंडी आश्वासनाला रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर काहीही किंमत नसते. याच ई-मेलमध्ये गट पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव मागून घ्या. अनेक कर्मचाऱ्यांना केवळ कार्डावरील टीपीएचे नाव ठाऊक असते; पण टीपीए दाव्यांची कागदपत्रे हाताळतो, तुमचा करार विमा कंपनीशी असतो, आणि पुढचा अर्ज तिच्याकडेच करायचा आहे.

तो अर्ज स्थलांतराचा. गट विम्यातील सदस्याला, आणि त्याच्याबरोबर विमा असलेल्या कुटुंबीयांनाही, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची मुभा असते आणि गट विम्यात काढलेल्या वर्षांचे श्रेय प्रतीक्षा काळासाठी मिळते. ही सोय फार थोड्या लोकांना माहीत असते, आणि नोकरी सोडणाऱ्याला ती आपणहून कुणी सांगत नाही. तुमच्या बाबतीत वडिलांसाठी हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण बाजारातून नवी पॉलिसी घेतली तर मधुमेह आणि हृदयविकार या दोन्हींसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. अर्ज शेवटच्या दिवसापूर्वी पोहोचला पाहिजे. संरक्षण संपल्यावर, मध्ये रिकामे दिवस गेल्यावर केलेल्या अर्जात या श्रेयाचा आग्रह धरणे फार अवघड होते.

आता या मार्गाच्या मर्यादा. कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते. हप्ता वैयक्तिक पॉलिसीच्या दराने ठरतो आणि ६७ वर्षांच्या माणसासाठी तो गट विम्याच्या मानाने बराच जास्त असतो. श्रेय ५ लाखांपुरतेच मिळते. तुम्ही १० लाखांची पॉलिसी घेतलीत तर वरच्या ५ लाखांसाठी प्रतीक्षा काळ नव्याने लागतो. थोडा दिलासा असा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पूर्वी तो १८ टक्के होता. गट विम्याला ही सूट मिळालेली नाही.

माझा सल्ला असा, की आई-वडिलांची एक पॉलिसी आणि तुम्हा तिघांची दुसरी असे दोन स्वतंत्र अर्ज करावेत. फ्लोटरचा, म्हणजे सर्व कुटुंबीयांना मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीचा, हप्ता बहुधा सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या वयावरून ठरतो. पाचही जणांना एकत्र ठेवले तर वडिलांच्या वयाचा भार तुमच्या मुलीच्या संरक्षणावरही पडतो, शिवाय वडिलांच्या एका मोठ्या आजारात सर्वांची रक्कम संपू शकते. वडिलांचा अर्ज नाकारला गेलाच, तर सहवेतन असलेली, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा आपण भरण्याची अट असलेली, ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसी पाहावी. दरम्यानच्या काळात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार करावा. ती आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली असून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण देते. मात्र ते यादीतील उपचारांना आणि योजनेशी संलग्न रुग्णालयांतच मिळते, त्यामुळे वडिलांच्या नेहमीच्या रुग्णालयात ती चालते का, हे आधीच विचारून ठेवावे.

नवी नोकरी लागली की तिथला गट विमा मिळेल आणि त्यात बहुधा आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातील. तरीही आई-वडिलांची वैयक्तिक पॉलिसी बंद करू नका, ही विनंती. नोकरी गेल्यावर काय होते, याचा अनुभव तुम्ही घेतच आहात. आईचे मोतीबिंदूसारखे एखादे ठरलेले ऑपरेशन बाकी असेल, तर ते शेवटच्या तारखेच्या आत उरकून घेणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : नुकतेच आमचे लग्न झाले. माझी ७ लाखांची पॉलिसी आहे. पत्नीच्या माहेरी साताऱ्याला असताना तिच्या वडिलांनी तिच्यासाठी ३ लाखांची पॉलिसी काढली होती. तिला तीन वर्षे झाली आहेत. तिची पॉलिसी बंद करून तिला माझ्या पॉलिसीत घालावे, असे एजंट सुचवतो. ते योग्य आहे का? — कर्वेनगर

उत्तर : तुमच्या पॉलिसीत घालणे योग्य असेलही, आधी बंद करणे योग्य नाही. तिची तीन वर्षे फुकट घालवण्याचे काहीच कारण नाही. तिच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा, म्हणजे जमलेल्या वर्षांच्या श्रेयासह दुसऱ्या कंपनीत जाण्याचा, अर्ज करा आणि ती तुमच्या कंपनीत श्रेयासह येईल, असे पाहा. ३ लाखांपर्यंतचे तिचे प्रतीक्षा काळ चालू राहतील, वरच्या रकमेसाठी नव्याने मोजले जातील. नव्या पॉलिसीचा कागद हाती येईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका.

तुमच्या कार्यालयात गट विमा असेल तर मात्र घाई करा. तिथे विवाहानंतर साधारण ३० दिवसांत पत्नीचे नाव कळवावे लागते. ती मुदत चुकली की पुढच्या वार्षिक नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हातात नाही म्हणून वाट पाहू नका, आधी नाव कळवा आणि प्रमाणपत्र नंतर द्या. पत्नी नाव बदलणार असेल तर आधार कार्ड आणि पॉलिसी यांवरील नावे एकाच वेळी बदला. दोन ठिकाणी दोन नावे असली की कॅशलेसच्या वेळी कागदपत्रांचा घोळ होतो. नाव न बदलल्याने विम्याला काहीही बाधा येत नाही.

प्रश्न : मला चौथा महिना आहे. आता प्रसूतीचा खर्च मिळेल अशी पॉलिसी घेता येईल का? — वाकड

उत्तर : या बाळंतपणासाठी नाही. वैयक्तिक पॉलिसींमध्ये प्रसूतीसाठी प्रतीक्षा काळ असतो. तो काही ठिकाणी ९ महिन्यांचा, बहुतेक ठिकाणी २ ते ४ वर्षांचा आहे. तुमच्या किंवा पतीच्या कार्यालयातील गट विम्यात प्रसूतीचे कलम आहे का, ते पाहा. असल्यास त्यात बहुधा एक ठरावीक मर्यादा असते आणि खासगी रुग्णालयातील सिझेरियनच्या बिलापुढे ती तोकडी पडते.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बाळाचा विमा. नियोजित बाळंतपणाच्या खर्चाची तजवीज करता येते. अपुऱ्या दिवसांचे बाळ दोन-तीन आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावे लागले, तर घराचा हिशेब कोलमडतो. अनेक कौटुंबिक पॉलिसींमध्ये बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला सर्वांत जास्त धोका असतो. प्रसूतीचे संरक्षण असलेल्या गट विम्यात मात्र नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून धरण्याची तरतूद असू शकते. 'नवजात बाळ पहिल्या दिवसापासून' असे शब्द पॉलिसीत आहेत का, हे आत्ताच तपासा. असतील तर बाळाचे नाव कळवण्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. ती रुग्णालयातून महापालिकेकडे गेली का, हे घरी जाण्यापूर्वी विचारा. बाळाचे नाव ठरायचे असेल तरी बारशापर्यंत थांबण्याची गरज नाही, नावाशिवायही नोंद होते आणि ती विमा कंपनीला देता येते.

प्रश्न : पती आणि मी दीड वर्षापासून वेगळे राहतो. शिवाजीनगर येथील कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा चालू आहे. आमची फ्लोटर पॉलिसी पतीच्या नावे असून तिला सहा वर्षे झाली आहेत. तीत मी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहोत. मला थायरॉईड आहे आणि गेल्या वर्षी गर्भाशयातील गाठींचे ऑपरेशन झाले. वकील सांगतात, निकाल लागेपर्यंत काही हलवू नका. विम्याचेही तसेच करावे का?

उत्तर : मालमत्तेच्या बाबतीत तुमच्या वकिलांचे म्हणणे मी मोडणार नाही. विम्याच्या बाबतीत मात्र थांबणे धोक्याचे आहे. निकालापर्यंत तुम्ही कायद्याने पत्नी आहात हे खरे. पण पॉलिसीचे प्रस्तावक, म्हणजे ज्यांनी अर्ज करून पॉलिसी घेतली ते, पती आहेत. नूतनीकरणाचा फॉर्म त्यांच्याकडे येतो, हप्ता त्यांच्या खात्यातून जातो. त्यांनी हप्ता भरला नाही, किंवा नूतनीकरणाच्या वेळी तुमचे नाव वगळले, तर ते तुम्हाला कदाचित रुग्णालयातच कळेल. यात त्यांच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही. पत्ता बदललेला आणि मन उडालेले असताना साध्या विसरण्यानेही हप्ता चुकतो.

म्हणून येत्या नूतनीकरणालाच स्वतंत्र व्हा. पोर्टेबिलिटीची सोय केवळ प्रस्तावकापुरती नाही, कौटुंबिक पॉलिसीतील सर्व सदस्यांसाठी आहे. दोन मार्ग आहेत. पती संमती देत असतील तर त्याच कंपनीला पॉलिसी विभागून देण्याची विनंती करता येते. तुम्ही आणि मुलगा एका पॉलिसीत, ते दुसरीत, आणि सहा वर्षांचे श्रेय दोन्हीकडे. संबंध तेवढे उरले नसतील तर नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी दुसऱ्या कंपनीकडे स्वतःचा आणि मुलाचा पोर्टेबिलिटीचा अर्ज करा. दुसरी कंपनी तुमच्या प्रकृतीचा विचार करून अर्ज नाकारू शकते, हे लक्षात घेऊन पहिला मार्ग आधी चोखाळावा. वकिलांमार्फत एक साधे पत्र पाठवूनही हे काम होऊ शकते.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी अर्जात थायरॉईड आणि ऑपरेशन दोन्ही स्पष्ट लिहा. हे आजार मूळ पॉलिसी घेतल्यानंतर निघाले असतील तर सलग वर्षांच्या श्रेयामुळे त्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. लपवले तर मात्र तेच नंतर दाव्याच्या आड येतात. सहाही वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती मिळवून ठेवा. मूळ कागद पतीकडे असतील तर कंपनीच्या पुण्यातील शाखेत ओळखपत्र घेऊन जा आणि सदस्य म्हणून आपल्या संरक्षणाची माहिती लेखी मागा.

वकिलांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. पोटगीच्या किंवा संमतीच्या अटी ठरतील तेव्हा मुलाच्या आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरणार आणि विम्याबाहेरचा वैद्यकीय खर्च कसा वाटून घ्यायचा, हे वेगळे कलम म्हणून लिहून घ्यावे. शाळेच्या शुल्काचा उल्लेख सगळे करतात, विमा बहुधा राहून जातो. आणि नव्या पॉलिसीत वारस म्हणून कुणाचे नाव द्यायचे, तेही ठरवा.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात माझा पगार जुलैमध्ये वाढून २३,००० रुपये झाला. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कार्ड आता बंद होणार का? पत्नीचे उपचार बिबवेवाडीच्या रुग्णालयात चालू आहेत.

उत्तर : लगेच नाही. १ जानेवारी २०१७ पासून ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. पण वर्गणीच्या सहामाहीच्या मध्येच पगार वाढला तर ती सहामाही संपेपर्यंत तुम्ही योजनेतच राहता. तुमची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आहे, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापली जाणे बरोबर आहे. ती थांबवण्याची मागणी करू नका. या सहामाहीच्या वर्गणीशी जोडलेला लाभाचा काळ पुढच्या जानेवारी ते जून असा असतो. वर्गणीचे आवश्यक दिवस भरलेले असतील तर पत्नीचे उपचार तोपर्यंत चालू राहतील. हे दिवस पुरेसे आहेत का, याची खात्री कारखान्याच्या कार्यालयातून आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयातून करून घ्या.

जूनची वाट पाहू नका, हेच खरे सांगायचे आहे. ईएसआय ही सामाजिक सुरक्षा योजना आहे, विमा कंपनीची पॉलिसी नव्हे. त्यामुळे तिथल्या वर्षांचे श्रेय खासगी पॉलिसीत मिळत नाही. तुम्ही खासगी पॉलिसी ऑक्टोबरमध्येच घेतलीत, तर अपघात वगळता दावा न मिळण्याचे सुरुवातीचे ३० दिवस आणि पत्नीच्या आजाराच्या प्रतीक्षेचे काही महिने ईएसआयच्या छत्राखालीच निघून जातील. कारखाना गट विमा देणार असेल तर तो कोणत्या तारखेपासून, हेही विचारा. वर्गणी बंद झाल्यावर हातात येणारी रक्कम हप्त्यासाठी बाजूला ठेवली तर वेगळा भार जाणवणार नाही.

प्रश्न : माझे पती गेल्या महिन्यात गेले. मी ७१ वर्षांची आहे. आमची दोघांची पॉलिसी त्यांच्या नावे होती, नूतनीकरण तीन आठवड्यांवर आले आहे. त्यांच्या शेवटच्या आजारपणाचा काही भागाचा दावाही अजून मंजूर झालेला नाही. आता ही पॉलिसी माझ्यासाठी चालू राहील का? — सदाशिव पेठ

उत्तर : राहील, आणि ती राहू द्यावी. पॉलिसीची मुदत संपेपर्यंत तुमचे संरक्षण कायम आहे. मृत्यूचा दाखला आणि तुमचे ओळखपत्र जोडून कंपनीला कळवा आणि नूतनीकरण तुमच्या नावे, आधीच्या सर्व श्रेयासह करण्याची लेखी मागणी करा. 'नवी पॉलिसी घ्या' असे कुणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्या.

एक व्यावहारिक धोका आहे. हप्ता पतीच्या बँक खात्यातून आपोआप वळता होत असेल, तर बँकेला मृत्यूची नोंद मिळताच तो थांबेल. हप्ता तुमच्या खात्यातून, आणि मुदतीच्या आत भरा. वार्षिक हप्त्यासाठी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. तीत पैसे भरले तर सलगता टिकते, पण मधल्या दिवसांत आजारी पडलात तर त्याचा दावा मिळत नाही. पती तुमच्याहून मोठे असतील तर हप्ता कमी व्हायला हवा. तसा तो झाला आहे का, हे पाहा. जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

तुमचे वय ७० पूर्ण असल्याने आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी ते मिळते, आणि आधार कार्डावर नोंदणी होते. वर्षाला ५ लाखांचे हे संरक्षण योजनेतील रुग्णालयांत चालते. तुमच्या पॉलिसीला ते जोड म्हणून ठेवा, पर्याय म्हणून नव्हे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएससारख्या आरोग्य योजनेत असाल तर मात्र दोन्हींतून एक निवडावे लागते.

राहिला पतींचा अडकलेला दावा. तो नामनिर्देशित व्यक्तीला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, मिळेल. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पुण्याचे लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरील जीवन दर्शन इमारतीत आहे, म्हणजे तुमच्या घरापासून जवळच. जाताना पॉलिसी, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, बिले आणि कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार यांच्या प्रती न्याव्यात आणि मूळ कागद घरी ठेवावेत.